निळी पेटी आणि भोक पडलेले पान

मी एक जुनी निळी पेटी आहे आणि मित्रांनो, वाचणाऱ्या मुलांची मला भीती वाटते.

पूर्वी ती वाटत नसे. दूर वाळवंटातल्या द्रा नदीच्या खोऱ्यात बुश्ता सुताराने मला घडवले, तेव्हा मी आनंदात होते. लहानग्यांना वाचता यावे म्हणून सरकारने निधी दिला होता. त्यातून पुस्तके आली, ती ठेवायला मी आले, आणि दुपारी वाचनाचा तास घ्यायला झहूरबाई आली. मुले तिला उस्तादा, म्हणजे शिक्षिका, म्हणत.

झहूरने पहिले पुस्तक उघडले आणि तिचा चेहरा उतरला.

आमच्या लिपीत मोठ्यांसाठी छापताना स्वरांच्या खुणा गाळतात. मोठी माणसे त्या मनानेच भरतात. लहानांच्या पुस्तकात मात्र त्या लागतातच. खरेदी करणाऱ्याने मोठ्यांची छपाई मागवली होती. तुमच्या भाषेत सांगायचे तर, काना-मात्रा नसलेली पुस्तके. नुसते ‘मल’ छापलेले.

मला?

मूल?

मेला?

ओळखा.

मग झहूर मोठ्याने वाचू लागली आणि मुले तिच्यामागून म्हणू लागली. मशिदीत बसून पाठ करण्याची सवय त्यांना होतीच. बघता बघता अख्खी पुस्तके त्यांच्या तोंडात जाऊन बसली. मुख्याध्यापक सी मुबारक (‘सी’ म्हणजे आमच्याकडचे ‘श्री’) खूश झाले. पाहुणे येत आणि माझ्या झाकणावर थाप मारून कौतुक करत.

नंतर मला वाळवी लागली. उंटाच्या गोष्टीचे पान तिने प्रत्येक प्रतीत मधोमध खाल्ले.

उंट विहिरीपाशी आला आणि त्याने (                    ) मग सगळे घरी गेले.

मुले ते पान हातात धरून वाचत राहिली. भोकातून पलीकडची भिंत दिसत होती, आणि भोकातले शब्दही त्यांच्या तोंडून बिनचूक येत होते. एका सुरात. डोळे कुठेच लागलेले नव्हते. त्या दिवशी माझ्या बिजागऱ्या थंड पडल्या.

फक्त इत्तो वेगळी होती. या मुलीला पाठांतर जमत नसे. तिच्या पुस्तकात झहूरने पेन्सिलीने एकेक खूण भरली. इत्तो अक्षरावर बोट ठेवी, थांबे, ओठ हलवी आणि मग शब्द बोले. ती खरोखर वाचू लागली होती.

“इत्तो, तुझं गाढव पोचलं का पुढच्या ओळीला?” मुली चिडवत.

“चालतंय तरी. तुमचं तर हवेतनं जातंय.”

निधी पुढे द्यायचा की नाही, हे ठरवायला शहरातून साहेब येणार होते. झहूरचा तास त्यावरच चालत होता आणि इत्तोचे वाचन त्या तासावर. मुलांना वाचता येत नाही हे साहेबांना सांगून खुणांची पुस्तके मागू या, असे झहूर म्हणाली.

“पोरं घडाघडा म्हणतायत, उस्तादा, आणि तू म्हणतेस येत नाही? शाळेचं नाक कापायचंय का?” सी मुबारक म्हणाले.

साहेब आले. मुले सुरू झाली. साहेबांची नजर हातातल्या घड्याळावर होती. इत्तोची पाळी आली. ती हळूहळू भोकापर्यंत आली आणि थांबली.

“इथं काही लिहिलेलं नाही, साहेब.”

वर्ग हसला. साहेबही हसले. शेजारच्या मुलीने तेच पुस्तक घेतले आणि भोक वाचून दाखवले. साहेब शाबास म्हणाले.

“इत्तो खरं बोलतेय, साहेब. पान बघा,” झहूर म्हणाली.

सी मुबारकांनी चहाचा पेला पुढे केला. साहेबांनी पुस्तक मिटून ठेवले होते. “एकीचं काय घेऊन बसलीस, उस्तादा? बाकी सगळे वाचतायत की.”

सगळे वाचतात, म्हणून या शाळेला आता मदतीची गरज उरली नाही, असे ठरले. निधी दुसरीकडे गेला. झहूर गेली. मला अडगळीच्या खोलीत ढकलले.

वर्ग भिंतीपलीकडेच आहे. इत्तोचा आवाज मी बरेच दिवस ओळखत होते, कारण तो सगळ्यांच्या मागे राही. पुढच्या इयत्तेच्या नव्या पुस्तकात खुणा भरायला कुणी नव्हते. तो आवाज अडे, थांबे, गप्प होई.

मग एका सकाळी त्या सुरात मला मागे राहिलेला आवाज ऐकू आला नाही. नीट ऐकले. इत्तो वर्गातच होती. सगळ्यांबरोबर, घडाघडा, न अडखळता. पाठांतर आता तिलाही जमू लागले होते.

मित्रांनो, तुमच्याकडचे एखादे मूल वाचत असेल, तर घड्याळ खाली ठेवा. त्याच्या समोर बसा. त्याचे डोळे ओळीवरून सरकतात का, तेवढे बघा.