न पाहता दिलेला हिरवा

“होम सिग्नल?” गच्चीवरच्या खाटेवरून दत्तरावांनी हाक दिली आणि उजवा हात वर केला.

“हिरवा,” धम्मशीला म्हणाली. तिच्या कानाला फोन होता.

“हिरवा,” समाधानाने म्हणत त्यांनी हात खाली घेतला.

पूर्ण्याच्या या घरामागून रूळ जातात आणि गाडीला स्टेशनात घेणारा होम सिग्नल गच्चीवरून दिसतो. दत्तरावांची सगळी नोकरी इंजिनात गेली. ड्रायव्हरने सिग्नल पुकारायचा, सहायकाने तो बघून पुन्हा पुकारायचा, अशी तिथली रीत. आता त्यांना लांबचे रंग दिसत नाहीत, मनही रुळांवरून कुठे कुठे निघून जातं. पण रीत सुटलेली नाही.

“सकाळपासून गाड्या हाकायलेत,” कुरडया उलथत धम्मशीलेची आई, सुलाबाई म्हणाल्या. “रेल्वेला म्हनावं, ओव्हरटाइम द्या.”

फोनवर कॅप्टन नाडकर्णी होते; धम्मशीला त्यांची सहवैमानिक. “उद्या चौकशीत एवढंच सांगायचं. इंधन गळत होतं, कॉम्प्युटरने गळतीचा इशारा दिला नाही. खोटं आहे का?”

“नाही, सर.”

“मग झालं तर. तुझंही लायसन्स वाचेल, माझंही.”

खोटं नव्हतंच. त्या दुपारी विमान आपलं आपण उडत होतं. खाली ढग, आत ऊबदार ऊन, समोर शांत पडदा. दर अर्ध्या तासाने टाकीतलं इंधन ठरल्या आकड्याशी ताडायचं असतं. “इंधन?” कॅप्टन विचारायचे. “बरोबर,” ती म्हणायची. डोळे पडद्यावर होते, आकडा मात्र वाचलेला नव्हता. इंधन संपत आल्याचा दिवा लागला तेव्हा सुदैवाने धावपट्टी जवळ होती. उतरताना एका आजीबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली होती.

मालगाडीचे ब्रेक करकरले. डबे एकमेकांवर आदळत गेले आणि मग सगळं स्तब्ध झालं.

दत्तरावांनी मान वळवली. “शीले, हिरव्याला गाडी थांबत नसती.”

तिने पाहिलं. उन्हाच्या झळांमध्ये रूळ पाण्यासारखे हलत होते. त्यांच्या टोकाला सिग्नल लाल होता.

“तू बघितलं न्हाईस.” आवाजात राग नव्हता. “मला रंग दिसत न्हाईत, म्हनून तर तुला इचारायलो.”

“हॅलो? ऐकतेस ना?” फोनमधून आवाज आला.

“सर, गळतीचा इशारा आला नव्हता, हे सांगेन. आकडा समोर होता आणि मी न वाचताच बरोबर म्हणाले, हेही सांगेन.”

“घरी बसशील!”

“हो, सर.”

पलीकडून फोन कापला गेला. सुलाबाईंचा हात कुरडयांवर थांबला होता. धम्मशीला खाटेच्या कडेला बापाशेजारी बसली.

“होम सिग्नल?”

तिने कपाळावर आडवा हात धरला, डोळे बारीक केले, नीट पाहिलं. “लाल, बाबा.”

“लाल,” ते म्हणाले. हात वरच राहिला.

आभाळातून एक विमान पांढरी रेघ ओढत गेलं. धम्मशीलेने मान वर केली नाही. सिग्नल अजून लालच होता.