ठेठरीचं मराठी

छत्तीसगढातल्या रिसालीत आमच्या गल्लीतल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात, मग बंद डब्यातला खाऊ ओळखतात. जी ओळखेल तिला पहिला वाटा. पण यंदा खाऊ आणणाऱ्या शेजारच्या नलूकाकूंनी फालतू कायदा काढला, नाव मराठीतच सांगायचं. काल माझी सहा वर्षांची नीतू "मूंगफली" म्हणाली, तर तिला बाद केलं. पोर घरी येऊन रडली.

आज काकूंनी डबा खडखडवला. नीतू वास घेऊन ओरडली, "ठेठरी!"

"छत्तीसगढी नाई चालत. मराठीत सांग."

"तुमीच सांगा ना काकू! बेसनाच्या ठेठरीले मराठीत काय म्हणतात?"

काकूंनी झाकण काढून डब्यात पाहिलं. पोरी खिदळायला लागल्या.

"ठेठरीच म्हणतात, कार्टे! घे!"

नीतूनं दोन्ही मुठी भरल्या. दारात उभी मी काकूंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हसले.