बारातली हळद

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी दोन दिवस पिंपळगल्लीच्या सेवा मंडळाने पांझरा नदीतले दगड वेचले. नदीतले दगड कुणी वेचतं का, असं तुम्ही म्हणाल. पण मंडळाचे चाळीस स्वयंसेवक वैशाखाच्या उन्हात, छातीला पिवळ्या फिती लावून, पाट्यांनी दगड वाहत होते. काठाशी त्यांनी कमरेएवढा ढीग रचला. हातात मावतील असे, गुळगुळीत, नेमके फेकायला बरे दगड त्यांनी एका जागी आणून ठेवले, आणि आपण शांततेचं काम केलं म्हणून घरोघर ताक पिऊन झोपले.

हे सगळं बारासाठी. धुळ्याच्या त्या भागात आखाजीला माहेरवाशिणी गौराई बोळवायला नदीत उतरायच्या, आणि पलीकडच्या हुडगल्लीतल्या बायांशी बार खेळायच्या. बार म्हणजे शिव्यांची लढाई, आणि शिव्या सरल्या की दगडांची. वर्षभर जिने ब्र काढायचा नाही, तिने त्या दुपारी तोंड मोकळं करायचं. नियम दोनच होते. बारातलं भांडण घरी न्यायचं नाही. आणि जिने रक्त काढलं, तिनेच जाऊन त्या जखमेवर हळद लावायची.

गेल्या साली, म्हणजे एकोणीसशे सदतीसात, पिंपळगल्लीतल्या जीवरामच्या पुतणीचा, पुष्पाचा डावा डोळा बारात गेला. फौजदाराने दम भरला. मंडळाचे चिटणीस रुपचंद मास्तर यांनी सभा घेतली आणि सांगितलं, "यंदा शिव्या द्या, पण एकही दगड पडता कामा नये. नदीतले सगळे दगड वेचून एका जागी ठेवू. ढिगापाशी आपली एक बाई पहाऱ्याला राहील." ती बाई कोण, यावर फार वेळ गेला नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं. जीवरामची लेक प्रमिला. गरीब, शांत, कधी वर मान नाही की उलट शब्द नाही. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात म्हणतात ना, तसंच हे. फरक इतकाच, की चोर कोण हे मंडळाला कळलंच नव्हतं.

प्रमिला हुडगल्लीत दिलेली होती, आखाजीला माहेरी आली होती. माहेर आणि सासर यांच्यात एवढी नदीच काय ती. सासू मंजुळाबाई चुलीतली लोखंडी फुंकणी लाल करून तिच्या पाठीला लावायची, तेव्हा ती किंकाळी पिंपळगल्लीपर्यंत यायची. नवरा हिलाल ओट्यावर विडी ओढत बसायचा. मागच्या दिवाळीत सासूने पोटात लाथ घातली आणि पाचव्या महिन्याचं मूल मोरीत पडलं. मुलगा होता. जीवराम रडत मंडळाकडे गेला, तेव्हा मास्तर म्हणाले, "जीवरामभाऊ, मंडळाचं काम गल्लीपुरतं. नदीपलीकडचा मामला आपल्याला कसा हाताळता येईल?" हे मंडळ परक्यांच्या तिरड्या उचलत होतं, गटारं उपसत होतं, कुणाच्या गंजीला आग लागली तर बादल्या घेऊन धावत होतं. आपल्या लेकीची पाठ जळत होती तेवढी त्यांना ऐकू येत नव्हती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता प्रमिलाला पुन्हा तिसरा महिना लागला होता. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी हिलाल न्यायला येणार होता. या खेपेला आपण परत गेलो तर हेही मूल राहणार नाही आणि कदाचित आपणही राहणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. छातीवर पिवळी फीत लावून ती दगडांपाशी उभी होती, आणि डोक्यात एवढंच घोळत होतं.

बार रंगला. दोन्ही काठांवर दोन दोनशे बाया, मागे उंचावर पुरुष. कुणाच्या नाकाचा उद्धार झाला, कुणाच्या दिराचा, कुणाच्या सात पिढ्यांचा. बाया हसत होत्या, टाळ्या पिटत होत्या. मग हुडगल्लीच्या पुढे मंजुळाबाई आली. दोन्ही हात कमरेवर ठेवून तिने सुनेला हेरलं.

"ओ जीवरामनी वांझ अंडेर! दगडस्नी राखन करस का? कर, कर! तुन्ही कुशीमा बी दगडच शे!"

जीवरामच्या लेकीला वांझ म्हटलं तशी हुडगल्ली खदखदून हसली. पिंपळगल्लीतल्याही दोघी-चौघी हसल्या. बारच तो.

प्रमिला हसली नाही. मोरीतलं ते एवढंसं मूल तिला दिसलं. त्याला चिंधीत गुंडाळून याच बाईने उकिरड्यात पुरलं होतं. तिने खाली वाकून ढिगातला एक दगड उचलला आणि ओरडली, "हाऊ मन्हा पोरना दगड शे!"

दगड मंजुळाबाईच्या कपाळावर बसला. ती गुडघ्यावर आली. दुसरा खांद्यावर बसला, तिसरा तोंडावर, आणि दात तुटल्याचा आवाज अलीकडे ऐकू आला. रुपचंद मास्तर "फीत काढ! आधी ती फीत काढ!" म्हणत धावले. तोवर पलीकडून त्यांच्या काठचे दगड सुटले होते. अलीकडच्या पोरी ढिगावर तुटून पडल्या. कुणाचं डोकं फुटलं, कुणाच्या हाताचं हाड मोडलं. मास्तरांच्या कानशिलाला एक लागला आणि ते वाळूत बसले. वाळूवर जागोजाग रक्ताचे थेंब पडले. शेवटी बायाच दमल्या.

मग नियमाप्रमाणे हळदीच्या वाट्या निघाल्या. प्रमिला गौराईच्या ताटातली वाटी घेऊन नदीच्या मधोमध गेली. मंजुळाबाईला दोघींनी धरून आणलं होतं. प्रमिलाने तिच्या कपाळावर, ओठावर हळद दाबली. सासूने डोळे मिटून घेतलं ते सगळं. रीत मोडायची तिचीही छाती नव्हती.

हळद लावून झाली. आता उठायचं आणि आपापल्या काठाला जायचं. प्रमिला उठली नाही. ती सासूकडे पाठ करून बसली, चोळीची गाठ सोडली आणि पाठीवरचा पदर खाली टाकला.

उंचावरच्या पुरुषांनी माना फिरवल्या. बायांनी फिरवल्या नाहीत. पाठीवर बोटाबोटाच्या अंतराने डाग होते. काही जुने, काळे पडलेले, काही अजून ओले. खांद्यापासून कमरेपर्यंत रिकामी जागा नव्हती.

"जिनी रगत काढं, तिनीच हळद लावानी," प्रमिला म्हणाली. "आते तुन्ही पाळी."

मंजुळाबाई फुटक्या ओठाने म्हणाली, "हाई बारनं नही. हाई घरनं शे."

"घरनं घरमा कोनले दिखस नही. म्हनीसन आठे लई उनू."

घरातलं कुणाला दिसत नव्हतं, म्हणून तिने ते इथे नदीत आणलं होतं. मंजुळाबाईने आपल्या गल्लीच्या बायांकडे पाहिलं. त्यांच्यातही सुना होत्या. एकीनेही तिच्याकडे पाहिलं नाही, सगळ्या त्या पाठीकडे पाहत होत्या. शेवटी सासूने वाटीत बोट बुडवलं. एका डागावर लावलं, मग दुसऱ्यावर. खांदे झाले तेव्हा वाटीचा तळ लागला.

"हळद सरनी," ती पुटपुटली.

"मन्ही पाठ नही सरनी."

पुष्पा पुढे आली आणि तिने आपली वाटी मंजुळाबाईसमोर ठेवली. मग हुडगल्लीतली एक तरणी सून आली, तिनेही ठेवली. मंजुळाबाई रडत होती, पण बोट थांबवता येत नव्हतं. जीवराम काठावर उभा राहून ढसाढसा रडला. रुपचंद मास्तर कान धरून बसले होते.

तिसऱ्या दिवशी हिलाल बैलगाडी घेऊन नदीत उतरला. विखुरलेले दगड कुणीतरी पुन्हा गोळा करून काठाशी रचले होते. ढिगावर पुष्पा बसली होती, मागे पिंपळगल्लीतल्या साऱ्या लेकी. प्रत्येकीच्या छातीवर पिवळी फीत होती. हिलालने पुष्पाच्या एका डोळ्याकडे पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या दगडाकडे पाहिलं, आणि गाडी वळवून आल्या वाटेने परत गेला.