आईचं चाकांवरचं बिऱ्हाड

आईनं घर विकलं हे मला गावात सगळ्यांच्या शेवटी कळलं. तेही तिच्याच तोंडून, एप्रिलमधल्या एका रविवारी, चर्चनंतर माझ्या स्वयंपाकघरात कॉफीचा दुसरा कप घेताना.

"मग राहणार कुठं?" मी विचारलं.

तिनं खिडकीकडे हनुवटी केली. बाहेर तिची हिरवी एसयूव्ही उभी होती. एकवीस वर्षांची, रस्त्यावरच्या मिठानं चाकांवरचा पत्रा खाल्लेला.

"गाडीत?"

"गाडीत. बरं वाटेल तिथं थांबायचं, कंटाळा आला की पुढं निघायचं."

"आई, तू अडुसष्ट वर्षांची आहेस. गुडघा बदललाय तुझा."

"म्हणूनच तर. नवा गुडघा काय कपाटात ठेवायला घेतला?"

माझी आई, आर्डिस हाल्वर्सन, एकतीस वर्षं नॉर्डबीच्या शाळेत स्वयंपाकीण होती. गावातल्या पन्नाशीच्या आतल्या प्रत्येकानं तिच्या हातचं खाल्लंय. मिनेसोटाच्या बाहेर ती उभ्या जन्मात तीनदा गेली होती, त्यातली दोनदा अंत्यविधीला.

"आणि गाडीत पलंग, चूल, हे सगळं कोण करून देणार?"

"लोवेलला चिठ्ठी धाडलीय," ती म्हणाली आणि कप विसळायला उठली.

लोवेल म्हणजे माझा बाबा. दोघांचा घटस्फोट होऊन एकोणीस वर्षं झाली होती. आठशे वस्तीच्या गावात इतकी वर्षं एकमेकांसमोर न येणं सोपं नाही; पण दोघांनी ते न बोलता जमवलं होतं. तो सकाळी आठच्या प्रार्थनेला जाई, ती साडेदहाच्या. वाणसामान तो मंगळवारी आणी, ती शुक्रवारी. माझ्या लग्नात दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसली आणि केक मी दोन ताटल्यांत घालून दोन्हीकडे पोचवला.

भांडण म्हणावं तर काही नव्हतं. बाबा दारूला शिवत नव्हता, बाहेरचं लफडं नव्हतं. तो सुतार. आजूबाजूच्या चार गावांतली निम्मी स्वयंपाकघरं त्याच्या हातची. आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना चौदा वर्षं दारं नव्हती. दिव्याखाली अंधार. आईनं दोरीवर पडदे लावले होते. ती विचारायची, तो "करतो" म्हणायचा आणि शेडमध्ये जायचा. सगळ्याच गोष्टींचं तसं. मी वीस वर्षांची असताना एका बुधवारी आई बॅग भरून मावशीकडे गेली. "एकदा कडाडून भांडला असता ना माझ्याशी, तरी राहिले असते," असं ती मला पुढे एकदाच म्हणाली.

घराचा ताबा आईला सप्टेंबरात द्यायचा होता. मेच्या पहिल्या शनिवारी बाबा तिच्या गॅरेजसमोर आपला पिकअप लावून उतरला. काही आक्रीत घडू नये म्हणून मी आधीच जाऊन बसले होते.

"आर्डिस," तो म्हणाला.

"लोवेल," आई म्हणाली.

झालं. एकोणीस वर्षांनंतरचं बोलणं तेवढंच. मग त्यानं टेप काढली आणि गाडीत शिरला.

मागच्या सीट काढायला तासभर गेला. एक नट गंजून बसला होता. बाबा त्याच्यावर तेल सोडून वाट बघत राहिला, आणि आई शेजारी उभी राहून वाट बघत राहिली, पण वेगवेगळ्या दिशांना तोंडं करून. सीट निघाल्या तसा गाडीत चांगला मोकळा पत्रा दिसायला लागला. बाबानं लाकडाच्या ढलपीवर पेन्सिलीनं चित्र काढलं. डाव्या अंगाला झोपायची फळी, उजवीकडे पाण्याचा कॅन आणि बॅटरी, मागचं दार उघडलं की बाहेर सरकणारा चुलीचा खण.

"फळी इथून का सुरू होते?" मी विचारलं.

"ती डाव्या कुशीवर झोपते. तोंड खिडकीकडे यायला हवं."

"नाही झोपत," आई म्हणाली.

बाबानं वर पाहिलं.

"ऑपरेशनपासून डावी कुस जमत नाही. उजव्या कुशीवर झोपते मी. सहा वर्षं झाली."

बाबा त्या चित्राकडे बघत राहिला. मग खिशातून खोडरबर काढून त्यानं सगळं पुसलं. सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

"मग परत मोजायला लागेल," तो म्हणाला.

गॅरेजमध्ये फ्रिजचं जुनं खोकं पडलं होतं. त्यानं ते फाडून जमिनीवर अंथरलं. आई कण्हत-कुथत त्याच्यावर आडवी झाली, उजव्या कुशीवर, पाय नेहमी घेते तसे घेऊन. बाबा गुडघ्यांवर बसला आणि तिच्या अंगाच्या कडेकडेनं पेन्सिल फिरवायला लागला. डोकं, खांदा, कोपर, दुमडलेला गुडघा. करवतीनं अर्धं नेलेलं त्याचं बोट तिच्या स्वेटरला लागू नये म्हणून तो किती जपत होता!

"गुदगुल्या केल्यास तर लाथ घालीन," आई डोळे मिटून म्हणाली.

"नव्या गुडघ्यानं की जुन्या?" बाबा म्हणाला.

आई हसली. मी उगाच बाहेर जाऊन सीट कुठं ठेवायच्या ते बघायला लागले.

पुढचे सहा आठवडे तो रोज दुपारी यायचा. पहिल्या आठवड्यात आई त्याला कॉफी गॅरेजच्या उंबऱ्यावर ठेवून जायची, दुसऱ्या आठवड्यात हातात द्यायला लागली आणि तिसऱ्यात स्वतःचा कप घेऊन पालथ्या बादलीवर बसायला लागली. भांडणं सुरू झाली ती तिथून. फळी सत्तावीस इंच रुंद हवी असं त्याचं म्हणणं. तिला चोवीस पुरत होती, वाचलेल्या तीन इंचांत तिला बिडाचा तवा ठेवायचा होता.

"तवा झोपत नाही, आर्डिस. तू झोपतेस."

"तव्याशिवाय मी खाणार काय?"

"तवा उभा ठेवू. दाराच्या आतून, खोबणीत."

"रस्त्यात वाजेल."

"तुझ्यापेक्षा कमी."

मी घाबरून आईकडे बघितलं. ती कपात तोंड घालून हसत होती. तवा शेवटी दाराच्या आत खोबणीत उभा राहिला. फळी सत्तावीस इंचांची झाली. तिला खालून भोकं पाडली, गादी ओलसर राहू नये म्हणून. पत्र्याच्या पोकळीत बाबानं मेंढीची लोकर भरली. मी खिडक्यांच्या मापाचं जाड काळं कापड कापून शिवलं आणि काचेला चिकटायला कडेनं रबरी चकत्या लावल्या. झाकणाच्या बादलीवर, ती कशासाठी हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे, कुणी चर्चा केली नाही.

जूनमध्ये चुलीचा खण आला. बाबा तो कांबळ्यात गुंडाळून घेऊन आला होता. बर्चच्या लाकडाचा, मागचं दार वर केलं की अडीच फूट बाहेर सरकायचा. एका बाजूला दोन बर्नरची शेगडी आणि दुसऱ्या बाजूला डब्यांसाठी दोन छोटी कपाटं. कपाटांना दारं होती. पितळी बिजागऱ्या, पितळी कड्या. इतकं तुकतुकीत पॉलिश की आईचा चेहरा त्यात दिसत होता.

आईनं एक दार उघडलं, लावलं. परत उघडलं, लावलं. कडी टक्कन बसत होती.

"चौदा वर्षं, लोवेल," ती म्हणाली.

"हो."

"चौदा वर्षं मी पडदे धुतले."

बाबा टोपी काढून हातात फिरवायला लागला. मला वाटलं, आता हा शेडकडे निघणार. पण शेड दीड मैलावर होती.

"केली होती दारं," तो म्हणाला. "तीनदा."

"काय?"

"पहिली ओकची. लाकडातल्या रेषा जुळत नव्हत्या. मग चेरीची. मग पुन्हा ओकची. तीनही वेळा शेडमधल्या शेगडीत घातली."

"जाळलीस? का?"

"तुझ्यासाठी होती ना. तेवढी चांगली नव्हती." टोपीकडे बघत तो म्हणाला, "लोकांच्या घरची दारं लावून मी निघून यायचो. आपल्या घरची रोज बघायला लागली असती. तूही बघितली असतीस."

आईनं कपाटाचं दार पुन्हा एकदा उघडलं, लावलं.

"अरे वेड्या माणसा," ती शेवटी म्हणाली, "मला फक्त बशांवर धूळ नको होती."

आणि ती रडायला लागली. बाबानं खिशातला रुमाल काढला, त्याला भुसा लागलेला बघून झटकला आणि दिला. तिनं नाक शिंकरलं, भुसा नाकात गेला, शिंका आल्या. दोघं तिथंच गाडीच्या मागच्या बंपरवर बसली. मी रुबार्बच्या आंबटगोड वड्या आणायला आत गेले आणि त्या कापायला नको तितका वेळ लावला.

झोपायची परीक्षा भर दुपारी झाली. पाऊस लागला होता. बाबा म्हणाला, पावसातच बघू, कुठं गळतंय ते कळेल. आई उशी घेऊन आत शिरली, दार ओढून घेतलं. आम्ही दोघं गॅरेजमध्ये पालथ्या बादल्यांवर बसून गाडीकडे बघत राहिलो. दहा मिनिटं गेली, अर्धा तास गेला.

"बघू का?" मी म्हणाले.

"शू. झोपलीय."

"बाबा, तू जाणार आहेस तिच्याबरोबर?"

"फळी सत्तावीस इंचांची आहे."

"हे उत्तर नाही झालं."

"तिला एकटीला जायचंय, सोल्वे. मागच्या खेपेला ती गेली ना, तेव्हा मी खिडकीतून बघत होतो. बर्फ पडत होता. तिच्या गाडीचे टायर गुळगुळीत झालेत हे मला माहीत होतं. तरी मी उठलो नाही." त्यानं हातानं तोंड पुसलं. "या वेळी टायर मी बघणार आहे."

आई दोन तासांनी बाहेर आली. गालावर उशीची वळी उमटली होती. "गळत नाही," ती म्हणाली. "भूक लागली."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती निघाली. चर्चमधल्या बायकांनी इतके डबे दिले की पुढची सीट भरून गेली. बाबानं चारही टायर नवे घातले होते. तेल, पाणी, ब्रेक, सगळं दोनदा तपासलं होतं. निरोपाच्या वेळी मी रडले, आई रडली. बाबानं बॉनेटवर दोनदा थाप मारली, घोड्याला मारतात तशी.

"लोवेल, काही मोडलं तर फोन करीन," आई म्हणाली.

"कर," तो म्हणाला.

पहिला फोन शेजारच्या नॉर्थ डकोटातूनच आला. डावीकडची कडी खडीच्या रस्त्यावर वाजते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाल, बाबा म्हणाला. माँटानातून फोन आला, खण ओढताना अडकतो. मेणबत्ती घास. युटामधून आला, काळ्या कापडाची एक चकती निघाली. ते खातं सोल्वेचं, तो म्हणाला, पण तरी पाऊण तास बोलत राहिला. रविवारी दुपारी मी त्याच्याकडे जेवण घेऊन जायची तेव्हा तो खिडकीपाशी फोन धरून बसलेला असे. "समोर काय दिसतंय?" तो विचारी. मग ऐकत राही. मध्येच, "लाल म्हणजे कसा? विटेसारखा की बिटासारखा?" माझं ताट निवून जाई.

नोव्हेंबरात आईला न्यू मेक्सिकोत फ्लू झाला. तीन दिवस ती त्या फळीवर पडून होती आणि शेजारी तंबूत राहणाऱ्या एका निवृत्त नर्सनं तिला सूप पाजलं. हे तिनं आम्हाला बरं झाल्यावर सांगितलं. मी फोनवर ओरडले, ताबडतोब परत ये म्हणाले. बाबा ओरडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "फळी कशी वाटली?"

"चोवीस इंचांची असती तर पडले असते," आई म्हणाली.

जानेवारीत आई ॲरिझोनात होती आणि इकडे पारा उणे पस्तिसावर गेला. एका सकाळी बाबा माझ्या दारात उभा राहिला, पापण्यांवर बर्फ, हातात त्याच्या घराची किल्ली.

"नळ गोठू देऊ नकोस," तो म्हणाला. "थेंबथेंब चालू ठेव."

"कुठं चाललास?"

"ॲरिझोनाला."

"का? काय मोडलं?"

त्यानं विचार केला. "काही नाही," तो म्हणाला आणि पिकअपकडे वळला.

फेब्रुवारीच्या शेवटी मी चार दिवस सुट्टी काढून विमानानं गेले. आईनं सांगितलेल्या खुणांवरून शोधत गेले तर खडीच्या माळावर, काटेरी झुडपांमध्ये तिची हिरवी गाडी उभी होती. मागचं दार वर केलेलं, खण बाहेर ओढलेला. वीसेक पावलांवर बाबाचा पिकअप, मागच्या हौद्यावर ताडपत्रीचं छप्पर ताणलेलं. दोघांत जाण्यायेण्यानं एक पायवाट पडली होती.

आई उन्हानं तांबूस झाली होती, केस स्वतःच कापल्यासारखे वाकडेतिकडे होते. तिनं मला मिठी मारली, मग तव्यावर अंडी फोडली. वारा असा सुटला होता की बाबा शेगडीपुढे, वाऱ्याकडे पाठ करून, कोट पसरून उभा होता, ज्योत विझू नये म्हणून. तसाच उभ्यानं जेवला. जेवताना त्यानं मला सांगितलं की इथून चाळीस मैलांवर उन्हाळं आहे, गरम पाण्याचं, त्यात आईचा गुडघा चांगला शेकतो. आई म्हणाली, त्याला नदीकाठचे ते पक्षी बघायचेत, नावं पाठ करतोय शाळेतल्या पोरासारखी. मी दोघांकडे आळीपाळीनं बघत होते आणि अंडी तिखट झालीत म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं म्हणाले.

"परत लग्न करताय की काय?" मी शेवटी विचारलं.

"काहीतरीच काय?" आई म्हणाली. "मला वीस पावलं बरी पडतात."

"मलाही," बाबा म्हणाला. "घोरते ती."

"मी घोरते? सोल्वे, तू रात्री ऐक आणि सांग कोण घोरतं."

माझ्या विमानाच्या दिवशी मी बाबाला विचारलं, "तू कधी परत येणार? तुझे नळ मी किती दिवस सांभाळू?"

"हा वारा पडला की निघतो," तो म्हणाला. "वाऱ्यात पिकअप हेलकावतो."

वारा त्याच गुरुवारी पडला. आईनंच फोनवर सांगितलं. बाबा घरी आला तो त्यानंतर सोळा दिवसांनी. आल्या आल्या त्यानं ताडपत्री धुऊन वाळत घातली आणि मला म्हणाला, पुढच्या वर्षी छप्पर पक्कं करायला हवं, लाकडाचं.