एकही खाडाखोड नसलेलं पत्र

नातीच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण त्यात एकही चूक नव्हती.

चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. रडत लिहिणाऱ्याचा काना राहतो, शब्द दोनदा पडतो, एवढं मला कळतं. हे पत्र मात्र छापून काढल्यासारखं. ‘आजोबा, शाळेच्या नाटकात मला मुख्य काम मिळालंय. आई म्हणते, आजोबा हो म्हणाले तरच. एक ओळ लिहा. मला रोज रडू येतं.’ रोज रडू येतं, आणि कागदावर एक डाग नाही?

संशयाला जुनं कारण होतं. घरात तिला सगळे ‘नाटकी’च म्हणत. आठ वर्षांची असताना गणिताच्या परीक्षेच्या सकाळी ती स्वयंपाकघरात बेशुद्ध पडली. मी पाणी घेऊन धावलो, तर एक डोळा किलकिला करून बाईसाहेब बघत होत्या, कोण आलंय.

फोनवर मला बोलणं सुचत नाही, म्हणून आमची पत्रं. ते पत्र मी पुस्तकात खुणेला ठेवलं. उद्या बघू म्हणता म्हणता वर्ष गेलं. नाटकात दुसऱ्याच मुलीने काम केलं.

परवा माझी मुलगी नातीला घेऊन आली. नात खुर्चीच्या कडेला बसली, चहा प्यायली, कप विसळून ठेवला. हातवारे नाहीत, शेजाऱ्यांची नक्कल नाही. मी चष्म्याआडून पाहत होतो. ही कुठली नवी भूमिका?

“किती शहाणी झालीये बघा,” मुलगी म्हणाली. “यंदा शाळेने परत बोलावलं होतं. सोमवारपर्यंत नाव द्यायचंय. हीच नको म्हणते.”

“का गं?” मी विचारलं.

“असंच,” नात म्हणाली आणि माझे वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेली.

हेही नाटक नसेल कशावरून, असं मी हळूच मुलीला विचारलं. ती हसली.

“नाटक कसलं, बाबा. तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हाच हिचं नाटकाचं भूत उतरलं. त्या पत्रापायी अख्खी वही संपवली हिने. एक अक्षर खोडलं की पान फाडायची. आजोबा लाल करून परत पाठवतील म्हणे.”

तिचं त्याआधीचं पत्र मी खरंच परत पाठवलं होतं. लाल पेन्सिलीने, एकवीस चुका दाखवून. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

गॅलरीतून आत येऊन तिने माझा सदरा घडी करून पलंगावर ठेवला. तोंडावर बोलणं मला जमत नाही.

त्या गेल्यावर लिहायला बसलो. माझा होकार आहे, उशीर माझा, तू नाव दे. तीन वाक्यांत दोनदा खोडलं, ‘होकार’ दोनदा पडला. सवयीने नवा कागद ओढला, मग बाजूला सारला. खाली लिहिलं, ‘चुका तू काढ.’ आणि लाल पेन्सिलीचं थोटूक पाकिटात घातलं.

पोस्टातल्या बाईंनी फुगीर पाकीट चाचपून पाहिलं.

“आत काय आहे, काका?”

“पेन्सिल. सोमवारच्या आत पोचेल ना?”

पोचेल म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं. त्यांनी शिक्का मारला, तो नीट उमटलेला पाहिला, तेव्हा कुठे मी खिडकीपासून हललो.