जवळून ऐकायचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. अ‍ॅल्युमिनियमचा, राखाडी, तोंड परातीएवढे आणि मान बारीक. मुक्काम गोंदिया जिल्ह्यात, केशोरीजवळच्या एका धानाच्या गावात. कुठल्या कारखान्यात माझा जन्म झाला ते मला आठवत नाही, पण पहिला आवाज आठवतो. चौदा एप्रिल होता. विहारासमोरच्या पिंपळावर मला बांधले होते आणि देवीदास नावाच्या माणसाने माइकपुढे गायला सुरुवात केली. तलावापलीकडे उन्हाळी धानाच्या बांधीत वाकलेली माणसे काम सोडून सरळ उभी राहिली. एका माणसाचा गळा एवढ्या लांब जातो, आणि तोही माझ्यातून, हे पाहून मीच थक्क झालो.

देवीदास यांची गायन पार्टी होती. गाणी तेच रचायचे, तेच गायचे. त्यांच्या पत्नी भागीरथाबाई मागे बसून झांज वाजवायच्या आणि कोरस धरायच्या. जयंती असो, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो की लग्न, माझ्यावाचून कुणाचे पान हलत नसे. लोक म्हणायचे, "देवीदासचा आवाज तीन गावं आयकतात." माझे नाव कुणी घेत नसे. मी ते मनाला लावून घेतले नाही; म्हणजे, थोडेसे घेतले.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. भोंग्याचे तोंड गावाकडे असते आणि पाठ गाणाऱ्यांकडे. त्यामुळे तीन गावांनी ऐकला तो माझा दणदणाट, आणि भागीरथाबाईंनी ऐकला तो हाताच्या अंतरावर बसलेल्या नवऱ्याचा साधा गळा. दोन्ही एकच असतील, असे मी धरून चाललो होतो.

पुढे डीजे आला. छाती हादरवणाऱ्या त्या काळ्या पेट्यांपुढे माझी काय बिशाद! मला गुरांच्या कोठ्यात टाकले. पावसाने माझे आवाज काढणारे युनिट गंजले, आतला पडदा फाटला. एका कोंबडीने माझ्या तोंडात अंडी घातली आणि मीही हूं की चूं न करता ती उबवू दिली. त्याच वर्षांत देवीदास वारले. त्यांच्या गाण्याची एकच कॅसेट मागे उरली.

भागीरथाबाईंचा डावा कान आधीच गेला होता. आता उजवाही मंद होऊ लागला. गोंदियाच्या डॉक्टरने सांगितले की तोही फार दिवस साथ देणार नाही. तेव्हा त्यांनी आपल्या पुतण्याला, संघदीपला, एवढेच म्हटले, "कान जावाच्या आंधी त्याहिचा आवाज मले एकदा आयकवून दे बाबू."

संघदीप मोटार वाइंडिंगचे काम करतो. त्याने कॅसेट मोबाइलमध्ये उतरवली आणि त्यांच्या कानाशी धरली. त्यांनी मान हलवली. "हा कोन व्हय? ते असे नवते गात." मग लहान स्पीकर आणला. तरी तेच. तेव्हा त्याला माझी आठवण झाली. मोठ्या बाबांचा, म्हणजे थोरल्या काकांचा, आवाज साऱ्या गावाने ज्यातून ऐकला, त्यातूनच तो मोठ्या मायला, म्हणजे काकूला, सापडेल, असे त्याला वाटले.

त्याने मला उघडले. मित्रांनो, माझ्या पोटात काय आहे ते मलाही तोवर ठाऊक नव्हते. पापडीएवढा एक पडदा आणि त्याला केसासारख्या तारेचे वेटोळे, बस! जो दणका तीन गावांत घुमायचा, तो कांद्याच्या पापुद्र्याएवढ्या पातळ पडद्यातून निघायचा. संघदीपने गंज खरवडला, नागपूरहून नवा पडदा आणून बसवला. माझा पत्रा झणझणायचा, म्हणून पाठीवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. ढोलकीची धूम माझ्या बारीक मानेतून कधी निघालीच नव्हती. तिच्यासाठी सागाची पेटी केली, तिच्यात मोठा स्पीकर बसवला आणि तिच्यावर मला विराजमान केले. जाडा आवाज पेटीला, बारीक आवाज मला, अशी वाटणी झाली. रंग दिल्यावर तर मी नवरदेवच दिसू लागलो.

मोठ्या मायला कमी ऐकू येते म्हणून संघदीपने आवाज होता नव्हता तेवढा वाढवला. भोंगा म्हटला की कुणीही हेच करील. मीही जीव खाऊन ओरडलो.

"घरावरचे कवेलू खाली पडतीन," त्याची बायको अल्का कानावर हात ठेवून म्हणाली.

भागीरथाबाईंनी तोंड फिरवले. "हा त जयंतीचा भोंगा व्हय. ते कोठी हायेत ह्याच्यात?"

संघदीपचा चेहरा पडला. "मोठी माय, अजून वाढवू?"

"कायले वाढवून राहिलास? गावाले नाही, मले आयकवाचं हाय. कमी कर." त्यांनी खाट ओढली, माझ्यासमोर बसल्या आणि उजवा कान माझ्या तोंडाशी आणला.

त्याने आवाज कमी केला, आणखी कमी केला. इतक्या हळू मला कुणी कधी बोलायला लावले नव्हते. माझा धीर सुटला. वाटले, आता आवाज फुटणारच नाही. पण फुटला. आधी कॅसेटची खरखर आली, मग देवीदास आले. ओळ संपताना थोडा घासणारा त्यांचा गळा आला, मग त्यांनी घेतलेला श्वास आला. आणि त्या श्वासानंतर, कोरसने उचलावे म्हणून त्यांनी अगदी हळूच केलेले "हं" आले.

ते "हं" जन्मभर माझ्यातूनच गेले होते, पण मी एवढा ओरडत होतो की ते तीन गावांनाही कळले नाही आणि मलाही नाही. ते एका बाईसाठी होते.

भागीरथाबाईंनी ते ऐकले आणि विचार न करता कोरस उचलला. गळा चिरकला, पण जागा चुकली नाही. कॅसेटमधली तरुण भागीरथाही त्याच क्षणी गाऊ लागली. संघदीप आणि अल्का जागच्या जागी उभे राहिले. गाणे संपल्यावर बाईंनी माझ्या तोंडाच्या काठावर हात ठेवला. "हे व्हय ते," म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, मोठ्याने बोलण्यात माझे सारे आयुष्य गेले. माझ्याकडून हळू बोलून घेणारे कुणीतरी शेवटी भेटले, हे माझे भाग्य. तुमच्याही घरी माझ्यासारखे कुणी धूळ खात पडले असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी त्याला पुसा, दुरुस्त करा आणि एकदा जवळ बसून ऐका. माझ्यापुरते म्हणाल, तर भागीरथाबाई अजून रोज संध्याकाळी खाट ओढतात. त्यांचा उजवा कान चालतो आहे तोवर माझ्या पडद्याला ओल लागू देऊ नका, एवढेच माझे मागणे आहे.