महिपतींचा गोठ्यातला मुक्काम

"थांब गो! फुडं येऊ नको!" महिपती गोठ्यातून ओरडले. सून निशिगंधा चहाचा कप पायरीवर ठेवून मुकाट्याने मागे सरली. तिला सहावा महिना होता.

कपिली गाय गाभडली तेव्हापासून महिपतींनी गोठ्यातच बिऱ्हाड थाटलं होतं. "ह्ये सुनंला लागंल, गाय इकून टाक," असं शेजारच्या साळूबाईने बजावलं. मेलेलं वासरू महिपतींनीच ओढून काढलेलं, म्हणजे रोग आपल्याही अंगाला असणार, हा त्यांचा हिशेब. घरातली पोर जपायची आणि गाय एकटी टाकवत नाही, म्हणून म्हाताऱ्याने स्वतःलाच घराबाहेर काढलं. सगळं वरंध गाव हसलं. हसेना का! पण शेवटी जीव घाबरला आणि त्यांनी पोलादपूरच्या मुरारीला गाय कबूल केली. तो आज न्यायला येणार होता.

त्याआधी महाडहून जनावरांच्या डॉक्टर अस्मिता आल्या.

"काका, रिपोर्ट आला. माणसाला होणाऱ्या आजाराची मला धास्ती होती, तो नाही. माणसाच्या अंगावर नागीण उठते ना, त्या रोगाच्या कुळातला हा विषाणू आहे, पण गुरांचा."

"म्हंजी सुनंला..."

"नाही होत. त्याच्या अंगावर प्रथिनांचे बारीक, हुकासारखे आकडे असतात. आघाडा धोतराला चिकटतो, पत्र्याला चिकटतो का? तसं आहे हे. गुरांत तो घर करतो, माणसात त्याचा जम बसत नाही. याच्याच एका भावाचे आकडे जरा निराळे, तो गुरांच्या मेंदूत शिरतो. हा गर्भावर गेला."

"आन् कपिली?"

"बरी होईल. विषाणू मात्र तिच्या अंगात जन्मभर दडून राहील, दुसऱ्या गुराला लागू शकेल."

महिपतींनी हात जोडले. "डॉक्टरीणबाय, माजं घर मला परत दिलंत. लई उपकार जाले."

टेम्पो आला तसे ते स्वतःच पुढे झाले. "मुरारी, गाय देत नाय. तुज्या गोठ्यात गुरं हायत, त्यांना बाधंल. माज्याकडं ही एकलीच हाय, ऱ्हाऊ दे."

मुरारीने हातातला दोर परत टेम्पोत टाकला. मग म्हणाला, "सांगितलंत ते बरं केलंत, काका." त्याने टेम्पो वळवला.

निशिगंधा पायऱ्या उतरून गोठ्यात आली. "बाबा, चला घरात. पान वाढलंय."

कपिलीने मान लांब करून तिचं पोट हुंगलं आणि तिथंच नाक टेकवून उभी राहिली. महिपती ओरडले नाहीत. पाठ फिरवून ते उगाच गव्हाणीतला पेंढा सारखा करत राहिले.